नुसते ओठ हलवा

साठ-सत्तर बायकांची तोंडं उघडी होती आणि आवाज एकीचाही नव्हता.

तबला थांबलेला, पेटी थांबलेली, पुरुषांनी ठरल्याप्रमाणे तोंडं मिटलेली. बापट सरांचे दोन्ही हात वर, बोटं पसरलेली. माळ्यावरून कुणीतरी पातेलं सोडणार आहे आणि ते झेलायचं आहे, अशी. पातेलं काही येत नव्हतं. समोर नाट्यगृह भरलेलं. मध्येच कुणीतरी खोकलं आणि तो खोकला इतका स्वच्छ ऐकू आला की खोकणारा लाजून "सॉरी" म्हणाला. तेही ऐकू आलं.

मी तोंड अगदी नीट उघडलं होतं. सरांनी शिकवल्यासारखं, उभं, दोन बोटं मावतील एवढं. माझ्या शेजारी नलिनी, तिचंही उभं. तिच्या पलीकडच्यांचीही उभी. ओठ शब्दाशब्दावर बरोबर हलत होते. बघणाऱ्याला वाटावं की आपल्यालाच ऐकू यायचं बंद झालं. पुढच्या खुर्चीतल्या एका आजोबांना तसं वाटलंच. त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि त्याला टिचक्या मारायला लागले.

जिन्यात पहिला खोकला आला की मला ही शांतता आठवते. यंदा तो तळमजल्यावरच्या शिंप्याने काढला. लगेच दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं. मग गच्चीवरच्या भाडेकरूने री ओढली. थंडी आल्याचं मला आमचा जिना सांगतो. तशी पुण्याची थंडी म्हणजे काय, सकाळी नाकाला लागते आणि दुपारी माणूस स्वेटर काढून कमरेला बांधतो. पण कानटोप्या अशा निघतात की लोकांना उद्या बर्फ उपसायचाय. माझीही निघते. नाही कोण म्हणतंय.

याच दिवसांत आमच्या गाण्याच्या मंडळाच्या तालमी असतात. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, चकल्यांचा नुसता चुरा उरला की तालमी सुरू, आणि संक्रांतीच्या आधीच्या रविवारी कार्यक्रम. सगळं शहर घसा खाकरतं नेमके तेच दिवस गाण्यासाठी काढायचे, हे शहाणपण कुणाचं, असं मी बापट सरांना विचारलं होतं.

सर म्हणाले, "उन्हाळ्यात शाळेचा हॉल लग्नांना देतात. पावसाळ्यात तो गळतो. उरलं काय, सांगा."

सर त्याच शाळेत मुलांना गाणं आणि चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून त्यांनी मोठ्या माणसांना गोळा करून गायला बसवलं. सुरुवातीला म्हणे एका वर्गात मावतील एवढेच होते. पुढे शंभराच्या वर गेले, कारण सरांचा नियम. ज्याला तोंड आहे त्याला जागा आहे. परीक्षा नाही, ओळखपाळख नाही, वय नाही. त्यामुळे आमच्यात खडकीच्या फॅक्टरीतले फिटर होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, पोस्टातून निवृत्त झालेली नलिनी होती, देवळाबाहेर हार विकणारी मुक्ता होती. एक गृहस्थ तर नुसता पत्ता विचारायला आत आले होते. सरांनी त्यांना पुरुषांच्या रांगेत बसवलं. ते पुढची कित्येक वर्षं बसले. ज्यांचा पत्ता हवा होता ते बिचारे वाट बघत असतील.

मी गेले ती हंडा पोचवायला. आम्ही कसब्यातले तांबट. शाळेचा पाण्याचा तांब्याचा हंडा पोचे काढायला आमच्याकडे आला होता. तो घेऊन मी हॉलच्या दारात उभी, तर आत मोठी मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आणि सगळ्यांनी "आ" लावलेला. मला वाटलं, दाताचं शिबिर आहे.

सर म्हणाले, "हंडा तिकडे ठेवा आणि बसा."

"मला गाता येत नाही."

"मी विचारलं का?"

बसले. मिळाला तो बाक खिडकीखालचा. चौथीचा आमचा वर्ग या हॉलमध्येच भरायचा, तेव्हा मी तिथेच बसायची. त्याच खिडकीतून देवळाचा कळस अर्धा दिसायचा, अजूनही अर्धाच दिसत होता. चौथी झाली आणि मला घरी बसवलं, पाठची भावंडं सांभाळायला. मला कुणी विचारलं नाही, मीही रडले नाही. तशी पद्धत होती. पण पन्नाशी ओलांडून त्या बाकावर परत बसले तेव्हा मनात म्हटलं, एकदा उठवलंत ते उठवलंत. आता मी उठेन ती माझ्या मनाने.

गाण्याचं म्हणाल तर आमच्या आळीत सकाळपासून तांब्यावर ठोके पडतात. तिथे मीठ संपलं हेही ओरडून सांगावं लागतं. त्यामुळे माझा आवाज मोठा. आणि सूर ओळखायला जी शांतता लागते ती मला लग्नानंतर मिळालीच नाही. आधीही नव्हती, माहेरही तांबटांचंच.

त्या तालमींचा वास मला अजून येतो. खडूची पूड, ओला लाकडी बाक, निलगिरीचं तेल, आल्याचा चहा आणि मटार. पुरुषांची ओळ चालू असली की बायका मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलायच्या. त्या दिवसांत मटार स्वस्त आणि गोड. एका तालमीत दोन घरांची उसळ निघायची. सर पेटीवरून मान न उचलता म्हणायचे, "शेंगा तालात फोडा." आणि आम्ही खरंच फोडायचो. पुरुषांपेक्षा आमच्या शेंगाच तालात असायच्या.

समूहात गायचं म्हणजे नुसतं एकदम ओरडायचं नाही, हे मला तिथे कळलं. बायकांचा वरचा आवाज वेगळा, खालचा वेगळा. पुरुषांचे तसेच दोन. प्रत्येकाची ओळ निराळी आणि ती दुसऱ्याच्या ओळीत न घुसता चालवायची. अरुंद बोळात दोन सायकली समोरासमोर आल्यासारखं. आमच्या टकरी व्हायच्या. सर दोन्ही सायकली उभ्या करायचे, धूळ झटकायचे आणि पुन्हा सोडायचे.

सगळ्यांत मला आवडायचं ते श्वास चोरणं. लांब सूर धरायचा असतो तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो. म्हणून शेजारणीशी आधीच ठरवायचं, तू कुठल्या शब्दाला घेणार, मी कुठल्या. मी थांबले की नलिनी धरायची, ती थांबली की मी. ऐकणाऱ्याला वाटायचं की इतका वेळ या बायका श्वासच घेत नाहीत. सर म्हणायचे, "आपण थांबलो तरी गाणं थांबत नाही, एवढा शेजारच्यावर भरवसा पाहिजे."

भरवसा आम्ही शिकलो. जरा जास्तच शिकलो.

सरांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं, थंडीतल्या पहाटेचं. प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्यानेच. पहिल्या दोन ओळींत अंधार, त्या खाली. तिसऱ्या ओळीत उजेड येतो, म्हणून ती वर. वर म्हणजे इतकी वर की तिथे पोचायला जिना पुरत नाही, शिडी लागते. आणि त्या ओळीला सर सगळी साथ बंद करायचे. तबला नाही, पेटी नाही, पुरुष नाहीत. नुसत्या बायका.

तिथे खरोखर पोचणाऱ्या तिघी होत्या. विजया, तिची जाऊ मंगल आणि त्यांच्या शेजारच्या प्रभाताई. तिघी एकाच इमारतीत राहायच्या, एकाच रिक्षाने यायच्या आणि घसा नीट राहावा म्हणून एकाच थर्मासमधून, एकाच झाकणाने काढा प्यायच्या. गळे मात्र तिघींचे सोन्याचे. त्या गायल्या की मी सोलायचं थांबवायची.

एका तालमीनंतर सरांनी मला हॉलबाहेरच्या नळापाशी गाठलं.

"इंदूताई, एक विनंती होती. तिसऱ्या ओळीला तुम्ही नुसते ओठ हलवा."

"का?"

"आवाज मोठा आहे तुमचा."

"मोठा आहे की वाईट आहे?"

सर नळाकडे बघत म्हणाले, "मोठा."

"खोटं बोलताय."

"हो," सर म्हणाले. "पण कुणाला सांगू नका. फक्त तुम्हालाच सांगतोय."

मला राग नाही आला. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणता आलं असतं त्यांना. ते म्हणाले, जागेवर राहा आणि ओठ हलवा. मी हलवले, वर्षानुवर्षं. आणि सांगते, ओठ हलवण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. वाटायचं, एवढ्या बायकांत मी एक मुकी, त्याने काय बिघडतंय? नलिनी आहे की शेजारी. खणखणीत गात असेल.

ती शेजारी गातेय की नाही हे तुम्हाला कळत कसं नव्हतं, असं माझी सून विचारते. तिला मी म्हणते, एकदा रांगेत उभी राहा. मागे-पुढे, डावी-उजवीकडे बायका, समोर सरांचे हात, डोक्यात शब्द. त्यात तिघींचा आवाज सगळीकडून येतो. तो शेजारणीच्याच तोंडातून येतोय असं वाटतं. नलिनीला तो माझ्या तोंडातून येतोय असं वाटायचं. तिने एकदा माझं कौतुकही केलं होतं. मी घेतलं.

तर त्या थंडीत सबनीसांच्या डोक्यात दर्जा शिरला. सबनीस म्हणजे मंडळाचे कार्यवाह. कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. दिवाळीनंतरच्या पहिल्याच तालमीला ते उभे राहिले आणि म्हणाले, "गर्दी म्हणजे समूहगान नव्हे. पुढच्या वर्षीपासून आवाजाची चाचणी. निवडक चाळीसजण. बाकीच्यांनी प्रेक्षकांत बसावं. तीही सेवाच आहे."

सर म्हणाले, "मी असेपर्यंत कुणाला नाही म्हणणार नाही."

"तुम्ही आहातच हो, सर. पण लोक काय ऐकतात ते बघायला नको?"

बरीच वादावादी झाली. सर थकलेले होते, भांडण्यात त्यांचा जीव नव्हता. शेवटी ठरलं की यंदाच्या कार्यक्रमावर निकाल. चांगला झाला तर जुना नियम कायम. फजिती झाली तर चाचणी. सर "चालेल" म्हणाले. मी खिडकीखाली बसून ऐकत होते. चाचणीत माझं काय होणार, हे मला सांगायला कुणी लागत नव्हतं.

जाताना सबनीस माझ्यापाशी थांबले. "इंदूताई, तुम्ही काळजी करू नका. चहाला माणूस लागतंच."

"लागतं ना," मी म्हटलं. "तुम्ही येत जा."

नलिनी फाटकापर्यंत हसत होती. मी हसले नाही. घरी जाऊन मी तांब्याची सगळी भांडी चिंच लावून घासली, काळी नव्हती तीसुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी सरांचा एक नियम असायचा. सकाळी उठल्यापासून पडदा उघडेपर्यंत मौन. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, आवाज ताजा ठेवायचा. आमच्या ह्यांना ठोकून ठोकून कमी ऐकू यायचं. मी मौनात आहे हे त्यांच्या दुपारी जेवताना लक्षात आलं.

म्हणाले, "आज भांडली नाहीस. बरं वाटत नाही का?"

नाट्यगृहाकडे जाताना रिक्षावाल्याला मी हाताने दिशा दाखवली. त्याने मला मुकी समजून रस्ताभर खुणांनीच गप्पा मारल्या. त्याला दोन मुलं, धाकटी अभ्यासात हुशार, बायको माहेरी गेलेली, एवढं मला कळलं. भला माणूस.

रंगमंचामागे तर बघण्यासारखं होतं. शंभर माणसं नटूनथटून उभी आणि चिडीचूप. रांगा लावण्यावरून सबनीस आणि एक फिटर यांचं भांडण चाललेलं, तेही हातवाऱ्यांनी. दातांच्या डॉक्टरीणबाई सेफ्टी पिन मागायला प्रत्येकीसमोर पदर धरून नाचत होत्या. कोपऱ्यात विजया, मंगल आणि प्रभाताई मफलर गुंडाळून, थर्मास मध्ये ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, जपताहेत घसा.

घसा जपण्यासारखा राहिलाच नव्हता. त्या आठवड्यात विजयाला सर्दी झाली होती. ती थर्मासच्या झाकणातून मंगलकडे गेली आणि मंगलकडून प्रभाताईंकडे. सकाळी तिघी उठल्या त्या घसा बंद घेऊन. विजयाला वाटलं, आपण नुसते ओठ हलवू, मंगल आणि प्रभाताई आहेत. मंगलला वाटलं, विजया आणि प्रभाताई आहेत. प्रभाताईंना काय वाटलं ते वेगळं सांगत नाही. एकमेकींना विचारता आलं असतं, पण मौन होतं. आणि तिघींची नियमावर फार श्रद्धा.

पडदा उघडला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. अंधार आम्ही झकास गायला. खालचं गाणं सगळ्यांना येतं, पुरुषही होते, तबला होता, शंभर आवाजांचा असा जाड गालिचा पसरला की मलाच अंगावर काटा आला. मग साथ थांबली. सरांचे हात वर गेले. आता उजेड येणार.

आणि पुढचं मी आधीच सांगितलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. आमच्या पहिल्या रांगेच्या डोक्यावर माईक लोंबत होते, ते आम्ही विसरलो होतो. नलिनीने ओठ न हलवता म्हटलं, "इंदू, गा ना!"

"मला सरांनी नको सांगितलंय."

"अगं, मलापण!"

मागच्या रांगेतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलाही."

"मलासुद्धा," मुक्ता म्हणाली.

"मग गाणार कोण?" मी म्हटलं. "सबनीस?"

मी आपली कुजबुजले होते. पण आमच्या आळीतली कुजबुज आणि वर माईक. ते "सबनीस" बाल्कनीच्या शेवटच्या भिंतीला लागून परत आलं. सगळं नाट्यगृह हसलं. तेवढ्यात विजयाने जोर लावून पाहिला. गंज धरलेली कडी सरकवावी तसा आवाज निघाला आणि तोही अर्ध्यात अडकला.

मी सरांकडे बघत होते. त्यांचे हात अजून वरच होते, पण चेहरा बदलत गेला. एकेकीला नळापाशी गाठून, एकेकीला "फक्त तुम्हालाच" म्हणून त्यांनी अख्खं मंडळ आपल्या हाताने मुकं करून ठेवलं होतं. ते त्यांना तिथे, भरल्या नाट्यगृहाला पाठ करून उभे असताना कळलं. मला वाटलं, आता हे बसतील. माझा बाक गेला, असंही वाटलं. दोन्ही एकदमच.

सर बसले नाहीत. त्यांनी हात खाली घेतले, घसा साफ केला आणि साध्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी. जमेल तसं."

मग उजेड आला. कुठून आला विचारू नका. काही बायका वर पोचल्या, काही वाटेत थांबल्या, काही चढल्याच नाहीत, खालूनच हाका मारत राहिल्या. पुरुषांनी ती ओळ जन्मात म्हटली नव्हती, तेही घुसले. तबलजीला राहवेना, त्याने मिळेल त्या तालात उडी घेतली. मी नेमकी कुठल्या सुरात होते ते मला माहीत नाही. पण मी होते, हे बाल्कनीतसुद्धा कळलं असणार. इतक्या वर्षांनी त्या ओळीला तोंडातून आवाज सोडला होता, तो परत आत घ्यायचं माझ्या मनात नव्हतं.

टाळ्या पडल्या. पुण्यात टाळ्या गाणं आवडलं म्हणून पडतात की संपलं म्हणून, ते सांगता येत नाही. बाहेर ते कानातल्या यंत्राचे आजोबा भेटले. सरांना म्हणाले, "मधला तो शांततेचा भाग उत्तम बसवला होता. पुढच्या वेळी बाकीचं गाणंही तसंच करता आलं तर बघा."

फजिती झाली, यात वाद नव्हता.

संक्रांतीनंतर मंडळ भरलं. तिळगुळाचा डबा टेबलावर तसाच बंद. सबनीस उभे राहिले. "ठरलं होतं त्याप्रमाणे," एवढं म्हणून थांबले. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. उठवायचंच तर बाकासकट उचला.

नलिनी उभी राहिली. पोस्टाच्या खिडकीत बसून तिने आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलंय. ती म्हणाली, "आधी मला एक सांगा. सरांनी कुणाकुणाला ओठ हलवायला सांगितलं होतं? हात वर करा."

पहिला माझा गेला. मग मुक्ताचा. मग मागून, पुढून, कडेने हात यायला लागले ते थांबेचनात. बायका एकमेकींचे हात बघून थक्क.

"तुला पण? मला वाटलं मी एकटीच!"

डॉक्टरीणबाई तर संतापल्या. "मी घरी आरशासमोर उभी राहून ओठ हलवायचा सराव करत होते, सर! ह्यांना वाटलं माझं डोकं फिरलं!"

बायकांच्या बाजूला विजया, मंगल आणि प्रभाताई यांचेच काय ते हात खाली. पण घसे अजून बसलेलेच, त्याही बोलू शकत नव्हत्या.

सबनीस म्हणाले, "म्हणूनच तर चाचणी हवी."

"घ्या की," नलिनी म्हणाली. "तिघी पास होतील. चाळिसांतले बाकीचे कुठून आणणार?"

"पुरुष आहेत."

इतका वेळ सर पेटीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "सबनीस, तुम्हाला मी दरवर्षी सगळ्यांत मागे, पडद्याला लागून का उभं करतो?"

"उंची आहे म्हणून."

"उंची आहे," सर म्हणाले आणि पुन्हा पेटीकडे बघायला लागले.

ही शांतता पहिलीपेक्षा लहान होती, पण मला जास्त आवडली. सबनीस उभे होते ते हळूहळू बसले. लहान मुलांच्या बाकावर उंच माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागतात. तसे बसले. थोड्या वेळाने त्यांनीच हात लांब करून तिळगुळाचा डबा उघडला आणि पहिला लाडू स्वतः खाल्ला. चाचणीचं नाव परत निघालं नाही.

सर म्हणाले, "चूक माझी आहे. तुम्हाला नाही म्हणायची मला हिंमत नव्हती आणि गा म्हणायचीही नव्हती."

"मग आता ती ओळ खाली आणा," नलिनी म्हणाली.

"खाली आणली तर तो उजेड कसला? तळघर होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "तळघरात सगळे मावतात."

त्या दिवसापासून ती ओळ आम्ही खालून म्हणतो. उजेड येतो, पण पहाटेचा वाटत नाही. कुणीतरी जिन्यातला दिवा लावल्यासारखा येतो. जिना उतरायला तेवढा पुरतो.

मंडळ आता श्रेया चालवते. वाघोलीला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, स्कूटरवरून येते, हेल्मेट काढलं की केस सगळ्या दिशांना जातात. गाते चांगली. तिला यंदा कुठूनतरी सरांच्या वेळचं एक जुनं ध्वनिमुद्रण मिळालं, तिघी गात होत्या तेव्हाचं. ते ऐकून तिने ती ओळ पुन्हा वर नेली. आणि गेल्या तालमीनंतर मला गाठलं. नळ राहिला नाही, त्या जागी पाण्याचं मशीन आहे. मशीनपाशी गाठलं.

"आजी, एक रिक्वेस्ट होती. रागवायचं नाही हं. थर्ड लाइनला तुम्ही फक्त लिप्स मूव्ह कराल का?"

"का गं?"

"तुमचा व्हॉइस ना, एकदम पॉवरफुल आहे."

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही नाही, फक्त तुम्हालाच."

"श्रेया."

ती मशीनकडे बघायला लागली. "म्हणजे, नलिनी आजींना. आणि थोड्या जणींना."

"थोड्या म्हणजे किती? मोज."

ती बोटांवर मोजायला लागली. एक हात संपला, दुसरा संपला, मग ती थांबली आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. म्हणून तिला तिथेच, मशीनपाशी, हे सगळं सांगितलं. ती हसून हसून खालीच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आजी, मग आता मी काय करू?"

"खाली आण."

आणली. जुन्या लोकांपैकी कुणी कुरकुरलं नाही. नव्यांना काय गमावलं ते माहीत नाही.

काल तालीम होती. जाताना जिन्यात शिंपी खोकत होता, येतानाही खोकत होता. खिडकीखालच्या बाकावर आता मला बसता येतं, उठता येत नाही. श्रेया हात देते तेव्हा उठते. म्हणजे अजूनही मी म्हटल्याशिवाय मला कुणी उठवत नाही. मटार महागलेत, पण मी नेले होते. नलिनीने अर्धे सोलले. श्रेया आमच्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, त्या दिवशी स्टेजवर होते त्यांच्यातलं अजून कोण कोण आहे? मला सगळ्यांकडून ऐकायचंय."

मी तिला सांगितलं. सर गेले, थंडीतच गेले. विजया गेली, मग मंगल, मग प्रभाताई, तिघी पाठोपाठ, त्यांना रिक्षा एकच लागायची. डॉक्टरीणबाई आणि मुक्ता त्या साथीच्या वर्षात गेल्या. सबनीस मागच्या वर्षी गेले. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत पडद्याला लागून उभे राहायचे, न सांगता.

पहिल्या रांगेतल्या दोघीच जिवंत आहेत. मी आणि नलिनी.